पाटीवरचं गाव

मी रशियात राहते. पत्ता विचारला की असंच सांगावं लागतं. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत बिल्डिंगांच्या प्रत्येक घोळक्याला एकेका देशाचं नाव दिलंय: चीन, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड, आणि आमचा रशिया क्लस्टर. या रशियात रशियन माणूस औषधालाही सापडत नाही. मजल्यावर दोन मल्याळी कुटुंबं, एक नायजेरियन, समोरच्या वन बीएचकेत किती फिलिपिनो मुली राहतात ते त्यांचं त्यांना तरी माहीत असेल की नाही कोण जाणे, आणि आम्ही वसईचे तिघं. खाली पाकिस्तानी कढाईवाला. ही नावं ज्या कुणी ठेवली तो भेटला तर त्याला दोन शब्द सुनावायचे आहेत. नाव म्हणजे काय दारावरचं तोरण आहे, छान दिसलं की टांगलं?

पण त्या माणसाला नावं ठेवून काय उपयोग, आमचे सर काय कमी आहेत? दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमची पोर्टाकॅबिनची कंपनी आहे. लेबर कॅम्पसाठी पत्र्याच्या खोल्या बनवायच्या, ट्रकवर चढवायच्या आणि वाळूत नेऊन ओळीने मांडायच्या, हा धंदा. मी तिथे अ‍ॅडमिन बघते. सर पुण्याचे, असं सर सांगतात. त्यांचं खरं गाव पुण्यापासून दोन तासांवर आहे, हे त्यांच्या बायकोच्याच तोंडून एकदा ऑफिसच्या पार्टीत निसटलं, तेव्हा सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की बिचारीने पुढे जेवणसुद्धा धड घेतलं नाही. आपल्या गावाचं नाव सांगायची ज्याला लाज, त्या माणसाने दुसऱ्यांच्या गावांची नावं वाटायला घ्यावीत, कपाळ माझं.

झालं असं की रशियन लोक दुबईत भराभर यायला लागले आणि सरांना कल्पना सुचली. दुबईबाहेर अल ऐनजवळ त्यांच्या एका अरब पार्टनरची शेतजमीन पडून होती. तिथे लाकडी घरं उभी करायची, वीकेंडला भाड्याने द्यायची आणि त्याला म्हणायचं रशियन व्हिलेज. सेल्ससाठी एक रशियन बाई घेतली. चाळिशीतली, उंच, कामाला चोख, विनाकारण न हसणारी. सर तिच्याशी बोलताना पोट आत घेऊन बोलायचे.

पहिल्याच मीटिंगला त्यांनी तिला विचारलं, व्हिलेजला रशियनमध्ये काय म्हणतात?

ती म्हणाली, "कोणत्या प्रकारचं?"

"प्रकार म्हणजे? व्हिलेज इज व्हिलेज."

मग तिने सांगितलं. त्यांच्याकडे सगळ्या खेड्यांना एका मापाने मोजत नाहीत. ज्या गावात चर्च होतं, आजूबाजूची माणसं रविवारी जिथे यायची, ते सेलो. चर्च नाही, नुसती घरं, ते देरेव्न्या. एखाद-दुसऱ्या कुटुंबाने लांब माळावर घर बांधून वस्ती केली तर तो खुतोर. आणि कारखाना, खाण किंवा रेल्वे स्टेशन निघालं म्हणून तिथे कामगारांची जी वस्ती बसवली ती पोस्योलोक. कामाला आलेले लोक, काम संपलं की पांगतात. चर्च पुढे पाडलं तरी सेलोचं सेलोपण जात नाही, लोक त्याला सेलोच म्हणतात.

मला हे एका मिनिटात कळलं. कळणारच. आमच्या वसईत तरी वेगळं काय आहे? गाव वेगळं, आळी वेगळी, पाडा वेगळा, आणि ज्या गावात चर्च ते गाव बाकीच्यांकडे नाक वर करून बघतं. माझं माहेर चर्चच्या गावचं, सासर शेजारच्या बिनचर्चच्या गावचं, आणि हे मी नवऱ्याला आजही अधूनमधून ऐकवते. महानगरपालिका आली, आम्हाला वॉर्ड नंबर मिळाला, पण म्हणून गाव काय वॉर्ड होतं? माझ्या मुलीला विचारलं तर ती म्हणते, "इट्स अ सबर्ब, मम्मा." शाळेत हेच शिकवतात.

सरांनी मात्र या शिकवणीचं काय केलं ऐका. उठले, व्हाइटबोर्डवर तीन रकाने पाडले. खुतोर म्हणजे एकटं घर, म्हणजे प्रायव्हसी, म्हणजे प्रीमियम. सेलो म्हणजे फॅमिली कॅटेगरी. देरेव्न्या, चर्च नाही म्हणजे अ‍ॅमिनिटीज नाहीत, म्हणजे इकॉनॉमी. ती बाई बोर्डाकडे बघत राहिली. मी पायाच्या अंगठ्याने कार्पेट उकरत बसले, कारण तोंड उघडलं असतं तर माझीच नोकरी गेली असती. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी तोवर फक्त ऐकला होता. या देशात उंट आहेत, शहाणा आम्ही पुण्याहून आणला.

मग त्यांनी तिला तिच्या गावाचं नाव विचारलं. तिने सांगितलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. नावाचं लोक काय करतात ते मी बघितलंय. सरांना ते ऐकायला गोड वाटलं. "बस, यही नाम लॉक करो," ते म्हणाले, आणि महिन्याभरात अल ऐनच्या रस्त्यावर भलीमोठी पाटी लागली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पँट्रीत चहा घेताना मी तिला म्हटलं, तू गप्प कशी बसलीस? तेव्हा तिने मला आईचं सांगितलं.

तिचं गाव सेलो. चर्चचं पुढे धान्याचं कोठार झालं, मग छप्पर पडलं, आता फक्त भिंती उभ्या आहेत. तरुण शहरात गेले, म्हातारे एकेक करून मेले. उन्हाळ्यात दोन-चार घरं उघडतात. हिवाळ्यात अख्ख्या गावात एकच माणूस असतं, ते म्हणजे तिची आई. सत्तरी ओलांडलेली बाई, स्वतः लाकडं फोडते, विहिरीवरचं बर्फ फोडून पाणी काढते. ती आहे म्हणून आठवड्याला ब्रेडची गाडी येते, ती आहे म्हणून रस्त्यावरचं बर्फ काढतात. ती हलली तर कागदावर गावापुढे लिहिणार, लोकसंख्या नाही. मग गाडी नाही, रस्ता नाही, आणि थोड्या वर्षांनी यादीतून नावही खोडणार. म्हणून म्हातारी हलत नाही. आणि ही पोर रोज दुपारी फोन उचलला जाईपर्यंत जीव मुठीत धरून बसते. आई फोन उचलते आणि हॅलोच्या जागी म्हणते, "एक आहे." त्यांची आपसातली थट्टा. मला ती थट्टा ऐकवेना.

तिला आईला इथे आणायचं होतं, पण आई-वडिलांना स्पॉन्सर करायला जेवढा पगार लागतो तेवढा तिला नव्हता. सरांना हे कळलं आणि त्यांचं डोकं पुन्हा चाललं. व्हिसा कंपनी देईल, आईने अल ऐनच्या पहिल्या लाकडी घरात राहायचं, डोक्याला रुमाल बांधून वीकेंडला पाहुण्यांना पेस्ट्री करून वाढायच्या. ओरिजिनल रशियन आजी. "विन-विन आहे गं," सर मला मराठीत म्हणाले, जसं काही मी टाळ्या वाजवणार होते.

मी तिला स्पष्ट सांगितलं, आईचं प्रदर्शन मांडू नकोस. ती शांतपणे म्हणाली, "थंडी आलीय. रुमाल ती तशीही बांधते."



नोव्हेंबरच्या सुरुवातीला आई व्हिजिट व्हिसावर आली. बुटकी, रुंद खांद्यांची, हाताला हात लावला तर खडबडीत. सरांनी स्वतःच्या गाडीतून आम्हाला अल ऐनला नेलं. वाटभर ते इंग्लिशमधून दुबईची थोरवी गात होते, मुलगी थोडं थोडं रशियनमध्ये सांगत होती, आणि म्हातारी खिडकीतून वाळू बघत होती. एकदाच बोलली. मुलीने मला सांगितलं, "ती म्हणतेय, आत्ता गावात कोणीच नाही."

पाटी आली. सरांनी गाडी थांबवली, उतरून दार उघडलं आणि हात पसरून उभे राहिले. पाटीवर रशियन लिपीत तिच्या गावाचं नाव, खाली इंग्लिश, अरबी, आणि बाजूला सोनेरी कांद्यासारखा घुमट रंगवलेला. म्हातारीने नाव वाचलं. बोट लावून पुन्हा वाचलं. मग आत गेली. लाकडी घरं तिने ठोकून बघितली, फटी बघितल्या, दाराची कडी हलवून बघितली. सुताराच्या नजरेने बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं ते सर सोडून सगळ्यांना दिसत होतं.

तिने विचारलं, इथे राहतं कोण?

सर खूश. "विंटर इज अवर सीझन, मॅडम. फुल हाऊस! उन्हाळ्यात मात्र कोणी नसतं."

तिने विचारलं, आणि पगोस्त कुठे आहे?

मुलीने तो शब्द तसाच पुढे ठेवला. सरांनी विचारलं म्हणून तिने सांगितलं, पगोस्त म्हणजे चर्चच्या आवारातली दफनभूमी. सेलोला ती असतेच.

"नो, नो," सर हसत म्हणाले, "निगेटिव्ह काही ठेवलेलं नाही. ओन्ली फॅमिली फन."

म्हातारीने ते ऐकून घेतलं. मग मला विचारलं, मुलीच्या मार्फत, तुम्ही इथे मेलात तर कुठे ठेवतात? मी म्हटलं, आमची माणसं बहुतेक विमानाने घरी पाठवतात, कार्गोमधून. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांना तसंच पाठवलं होतं, पेपर होईपर्यंत त्यांची बायको रोज माझ्या किचनमध्ये येऊन बसायची. दुबईत आमच्या लोकांचीही दफनभूमी आहे, पण तिथे शेवट करायचा या विचाराने कोणी इथे येत नाही.

ती मान हलवत राहिली. मग एक शब्द बोलली. तो मला भाषांतराशिवाय कळला.

"पोस्योलोक."

सरांनी उत्साहाने विचारलं, "गुड वर्ड? बोर्डवर टाकायचा का?" मला आयुष्यात कुठल्या माणसाची इतकी कीव आणि इतकी चीड एकदम आली नसेल. बुर्ज, मॉल, मेट्रो, हायवे, इंटरनॅशनल सिटी, आमचे सगळ्यांचे पगार, त्या बाईने एका शब्दात सगळ्याची जागा दाखवून दिली होती: कामापुरती वस्ती. आणि यांना तो शब्द बोर्डावर हवा होता.

आई दोन आठवड्यांत परत गेली. मुलगी विनवून थकली. विमानतळावर आई तिला म्हणाली, तू कामावर आहेस, काम कर, मी घरी आहे. सरांनी रुमाल आणून ठेवले होते, लाल फुलांचे, डझनभर. आता त्यांचं काय करायचं म्हणून त्यांनी मला विचारलं, "तू गोरी आहेस, वीकेंडला बांधून बसशील का? कोण ओळखतंय?" मी म्हटलं, सर, मी वसईची आहे, आणि तुम्ही कुठले आहात ते तुमच्या बायकोला विचारा. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस फार छान गेले.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. रोज दुपारी पँट्रीत फोन, आणि पलीकडून, एक आहे. मीही चहाचा कप हातात घेऊन तो आवाज ऐकायला थांबायचे. मार्चमध्ये एका दुपारी फोन उचलला गेला नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सर दारात येऊन म्हणाले, "यल्ला, चला, कस्टमर लीड्स पेंडिंग आहेत." तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ब्रेडच्या गाडीच्या माणसाने दार ढकललं, तेव्हा म्हातारी चुलीजवळच्या खाटेवर होती. चूल थंड होती.

मुलगी गावी गेली, आईला भिंतीच उरलेल्या चर्चजवळ पुरलं, आणि परत आली. मला म्हणाली, ब्रेडची गाडी आता येणार नाही.

मला इतका संताप आला होता की सांगता सोय नाही. जे गाव तिकडे मेलं, त्याचं नाव इकडे सोनेरी रंगात, खाली बार्बेक्यूचे दर. मी घरून स्क्रूड्रायव्हर घेतला, पर्समध्ये टाकला, आणि पुढच्या अल ऐनच्या फेरीला तिला बरोबर घेतलं. पाटीजवळ गाडी थांबवून म्हटलं, चल, खलास करू हिला. सर काय करतील, कामावरून काढतील, काढू देत.

ती उतरली. पाटीवर वाळू बसली होती, ती तिने गळ्यातल्या स्कार्फने पुसली. मग माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्याच पर्समध्ये ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "दुसरीकडे आता कुठेच नाही."

मी तिथेच रस्त्यावर रडले. इतके दिवस ज्या पाटीला मी थुंकण्याच्या लायकीची समजत होते, तिला हात लावायचा मला काय अधिकार होता.

आता बुकिंगचे फोन तीच घेते. लोक नाव वाट्टेल तसं मोडतात. ती थांबवते, हळू म्हणून दाखवते, परत म्हणायला लावते. परवा शारजाच्या एका गृहस्थांना तिने चार वेळा म्हणायला लावलं, नीट जमलं तेव्हाच बुकिंग कन्फर्म केलं.