बाबलीचं बोलावणं

बाबलीला पणजीच्या मोठ्या हॉटेलातून हाकलून काढलं, ही बातमी सोमवारी सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलवरून, गरम पावांच्या टोपलीबरोबरच आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, आली. पोदेराला ती बसच्या कंडक्टरने दिली होती. आणि कंडक्टरने तर रविवारी दुपारी बाबलीला म्हापशाच्या स्टँडवर, इस्त्रीचा शर्ट नि काळी टोपी अशा थाटात उभ्या-उभ्या भाजी-पाव खाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मोठ्या हॉटेलात जेवायला म्हणून गेलेला माणूस स्टँडवर भाजी-पाव खातो, याचा अर्थ काय? हाकलला! विहिरीवर बातमी पोचेस्तोवर तिला कारणही मिळालं. पायात चपला होत्या म्हणून. दुपारी पलीकडच्या घरातल्या शांताने भर घातली, त्याला काटा-चमचा धरता येईना म्हणून. संध्याकाळी तिठ्यावर तर बाबली म्हणे खिशात फेणीची बाटली घेऊन गेला होता.

सगळं खोटं. बाबलीला कोणी हाकललं नाही. उलट त्या हॉटेलातली माणसं त्याला आत ढकलत होती आणि हाच जाईना. मी त्याची शेजारीण. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये जास्वंदीचं कुंपण आहे, आणि ते मी मुद्दामच कंबरेएवढं राखते. शेजारच्या घरात काय चाललंय ते कळलं नाही तर मला दुपारची झोप लागत नाही, हे आमच्या कोरगावात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका.

बाबली म्हणजे आमच्या वाड्याचा बोलावण्या. आता ही काय भानगड, असं तुम्ही शहरातले विचाराल. लग्न असो, मुंज असो, सत्यनारायण असो, आमच्याकडे आमंत्रण दोनदा लागतं. आधी यजमान अक्षत घेऊन येतो, दिवस सांगतो. पण त्या सांगण्यावर कोणी जेवायला जात नाही. जेवणाच्या दिवशी पानं मांडून झाली की यजमानाचा माणूस दारोदार फिरतो, अंगणात उभा राहून हाक मारतो, आणि मग माणसं उठतात. हाक येण्याआधी जो पंगतीला जाऊन बसला तो हावरट. एका लग्नात बोलावणं चुकलं म्हणून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी बघितलंय. भटजी आजारी पडला तर दुसरा आणता येतो. बोलावण्या आजारी पडला की लग्नघराची पाचावर धारण बसायची.

ही हाक बाबलीची. पायरी चढायची नाही, अंगणात तुळशीपाशी उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, “पाना मांडली. यजमानान उठूक सांगलांहा!” आमचे हे सकाळपासून परीटघडीचा शर्ट घालून, रिकाम्या पोटी घड्याळाकडे बघत बसलेले असायचे. पण बाबलीची हाक आली की खिडकीतून डोकं काढून म्हणायचे, “इतक्यात? बरां, बघतंय. जमला तर येतंय.” बाबलीलाही ते माहीत. तो हसू दाबून पुढच्या घरी जायचा. कुठलं घर एका हाकेवर उठतं, कुठल्या घरी दुसरी हाक लागते, कोणती सासू आणि कोणती सून एका हाकेत मोजलेली चालत नाही, सगळं त्याच्या डोक्यात.

आणि अख्ख्या वाड्याला उठवून तो मांडवात परत यायचा तेव्हा पहिली पंगत बसलेली असायची. मग तो पाणी वाढायचा, भात वाढायचा. दुसरी पंगत, तिसरी पंगत. शेवटी आचाऱ्यांबरोबर चुलीच्या मागे एखादं पान घेऊन बसायचा, तोवर सोलकढीचा तळ लागलेला. एकदा मीच चिडवलं होतं त्याला, “काय भावजी, साऱ्या गावाक बोलावतास, तुका कोण बोलावता?” तो म्हणाला, “बोलावण्याक कोण बोलावतलो, वयनी? तो आधीच थय असता.” मी हसले. तोही हसला. पण नंतर बराच वेळ नुसताच विडीचं टोक चावत उभा होता, न पेटवता.

लग्न त्याने केलं नाही. म्हणजे करायला वेळ मिळाला नाही. थोरला भाऊ विठ्ठल सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा, तो तिथेच अपघातात गेला. विठ्ठलाची बायको माहेरी गेली ती परत आली नाही. मागे राहिली त्यांची मुलगी गौरवी, तेव्हा धड वेणीही घालता न येणारी. बाबलीने तिला वाढवलं. तिच्या वेण्या तो घालायचा, आणि इतक्या घट्ट की पोरीचे डोळे ताणून चिनी दिसायचे. मी हाका मारून सांगायची, “अरे, सैल बांध, काजूचा पोतां न्हय ता!” त्या वेण्यांवर पोर पेडण्याला हायस्कूलला गेली, म्हापशाला कॉलेजला गेली, पणजीत सरकारी नोकरीला लागली. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्याच मे महिन्यात तिचं लग्न झालं, बँकेतल्या विशालशी. ते लग्न आमच्या वाड्यावरचं शेवटचं दारातलं लग्न म्हटलं तरी चालेल. बाबलीने मुलीच्या बापाची जागाही घेतली आणि घरोघरी हाकाही तोच मारत फिरला. दुसऱ्याच्या आवाजावर त्याचा विश्वास नव्हता.

त्यानंतर लग्नं म्हापशाच्या हॉलमध्ये गेली. तिथे पानं मांडत नाहीत, हातात बशी घेऊन रांगेत उभं राहतात. बाबलीची हाक बंद झाली. तो आणि त्याच्या काजूच्या बागा. संध्याकाळी घरात दिवा लागायचा आणि रेडिओ. कधी कधी तो रेडिओशी भांडायचा, तेवढाच माणसाचा आवाज त्या घरातून यायचा.

यंदाच्या मे महिन्यात गौरवीच्या लग्नाला दहा वर्षं झाली. ती आणि विशाल गाडी घेऊन आली. मी कुंपणापाशी कढीपत्ता काढत होते. कढीपत्ता संपला तरी काढत होते.

“काका, आयताराक दुपारी जेवूक येवचा,” गौरवी म्हणाली. “पणजेक, हॉटेलात. विशालचे ऑफिसातले लोक आसतले, त्याची आवय आसतली. तू नाय म्हणू नको. दरवेळी नाय म्हणतंस.”

हे खरं होतं. पणजीच्या तिच्या घरी तो मोजून दोनदा गेला असेल. पण या खेपेला बाबलीने विचारलं, “म्हणजे माका आमंत्रण?”

“मगे काय!”

“पाहुणो म्हणान?”

गौरवी हसली. “होय रे बाबा, पाहुणो म्हणान. गाडी धाडू?”

“नको. पाहुण्यान आपल्या पायांनी येवचा.”

त्या आठवड्यात बाबली हरखून गेला होता. शर्ट स्वतः धुतला, इस्त्रीला माझ्याकडे दिला. आहेर म्हणून काजूबिया भाजल्या, सोलल्या, आणि एकही तुटकी राहू नये म्हणून दोनदा निवडल्या. रविवारी सकाळी निघताना मी म्हटलं, “घोटभर पेज पिऊन जा, पणजी लांब आसा.”

“पोट भरून कोण पानार बसता काय, वयनी?”

आणि गेला.

पुढचं मला थोडं त्याने सांगितलं, बरंच गौरवीने, आणि गौरवीला हॉटेलात दारापाशी स्वागताच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीने. हॉटेलचं नाव मी घेत नाही, नाहीतर उद्या शांता तिथे जाऊन चौकशी करेल. काचेचं दार उघडायला फेटा बांधलेला, झुपकेदार मिशांचा माणूस होता. त्याने बाबलीला सलाम ठोकला. बाबलीने त्याला नमस्कार केला, नाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. आत गारठा. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत माघासारखी थंडी. टेबलामागच्या मुलीने विचारलं, कोणाकडे आलात? बाबलीने सांगितलं, गौरवीच्या जेवणाला.

“वर चला, काका. पहिल्या मजल्यावर. जिना इथे आहे.”

“बसतंय मी हयसर,” बाबली म्हणाला. “पाना मांडली की बोलावतले.”

मुलीला वाटलं, कोणाची तरी वाट बघत असेल. तो सोफ्याच्या अगदी कडेवर बसला, मांडीवर काजूंचा पुडा धरून. गौरवी आणि विशाल आधीच वर होती; पाहुणे येत होते, जिना चढून जात होते. एकालाही कोणी बोलावायला आलं नव्हतं, तसेच जात होते. बाबलीला त्यांची कीव आली. हे त्याने मला अगदी मनापासून सांगितलं: “शिकलेली माणसा, वयनी, पण शरम नाय. न बोलावता पानार!”

थोड्या वेळाने मुलीने परत म्हटलं, “काका, वर जेवण सुरू झालंय. जावा ना.”

बाबलीने मानेनेच नको म्हटलं. ती मुलगी काही यजमान नव्हती. मग फेटेवाला आला. त्याने तर दंडाला धरून उठवायला बघितलं, चला चला म्हणाला. बाबलीने त्याला समजावलं की बाबा रे, तू दारावरचा माणूस, तुझ्या शब्दावर मी कसा उठू? उद्या तुझी नोकरी जायची.

जिन्यावर पाऊल वाजलं की तो ताठ व्हायचा, टोपी सारखी करायचा. कधी वेटर उतरायचा, कधी कोणाचं तरी मूल पळत यायचं. वरून तळलेल्या मासळीचा वास येत होता, हसण्याचे आवाज येत होते. त्यात एक गौरवीचं हसणं, ते त्याला ओळखू आलं. तिला आपण आल्याचं ठाऊक आहे असंच तो धरून चालला होता. मोठं घर, मोठा कारभार, दुसऱ्या पंगतीला हाक येईल.

वर गौरवीने त्याच्यासाठी खुर्ची राखली होती. सूप थंड झालं तेव्हा विशाल म्हणाला, “काका येत नाहीत गं, तुला माहीत आहे ना.” तिलाही तेच वाटलं. दहा वर्षं तो नाही म्हणत आला होता. सासूबाईंनी पर्स ठेवायला ती खुर्ची ओढून घेतली.

मग जिन्यावरून माणसं उतरायला लागली, बडीशेप चघळत, पोटावरून हात फिरवत. बाबलीने शेकडो पंगती उठताना बघितल्यात. पंगत उठल्याची चाल त्याला वेगळी सांगावी लागत नाही. तो उठला. काजूंचा पुडा टेबलावरच्या मुलीकडे दिला. “गौरवीक दी. आहेर परत नेवचो नसता.” फेटेवाल्याने पुन्हा सलाम केला. बाबली पायी पणजीच्या स्टँडवर गेला, तिथून म्हापशाला, आणि म्हापशाला पोचेपर्यंत त्याच्याने उपास काढवेना. भाजी-पाव, तोही उभ्याने. तोच आमच्या कंडक्टरने बघितला.

सोमवारी गावातली बातमी सांगून मी त्याला छेडलं होतं. “काय भावजी, गावात म्हणतत तुका हाकललो!”

“म्हणूंदेत,” तो म्हणाला, आणि आत जाऊन रेडिओ लावला. त्या संध्याकाळी तो रेडिओशी भांडलासुद्धा नाही.

पुडा गौरवीच्या हातात पडला तेव्हा ती रस्त्यापर्यंत धावली होती म्हणे. पण तोवर बाबली गेला होता. घरी सासूबाई, पाहुणे. निघता आलं नाही. त्याच आठवड्यात रजा टाकून ती एकटी, बसने आली. मी कुंपणापाशी होते, हे वेगळं सांगायला नको. बाबली अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरत होता.

“काका, तू वर कित्याक येवक नाय?” ती आल्या आल्या म्हणाली. चपलाही काढल्या नाहीत. “खाली बसलंस? त्या पोरगीन तुका दोनदा सांगला, तरी तू बसान रवलंस?”

बाबली बिया पसरत राहिला. “बस. पाणी पी.”

“माका पाणी नको. मी वर तुझी खुर्ची धरून बसलंय, माका वाटला तू येवकच नाय. आणि तू खाली उपाशी! लोकांनी काय म्हटला असतला?”

“लोक काय, कायय म्हणतत.”

“मगे आता ऊठ,” ती म्हणाली. “आत्ता ऊठ, आपण दोघांच जावया, त्याच हॉटेलात. तुका काय व्हया ता खा.”

त्याने आणखी एक बी उचलली. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याच्या हातातली बी काढून घेतली.

“काका, माझ्या जेवणाक तुका कसला बोलावणा व्हया? तू काय परको? तू घरचोच मा?”

बाबली म्हणाला, “जल्मभर सगळ्यांनी माका घरचोच म्हटला गो, म्हणान कोणी बोलावूक नाय. एकदा तरी परको म्हणान बोलव.”