दोनशे गुणिले दोनशे

"एकसष्ट टेस्टपैकी सात फेल," पुण्याच्या कंपनीतले साहेब म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले. माझे कान तापले.

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी तेव्हा कॉम्प्युटर शिकवायचो. जळगाव जामोदहून एस.टी.नं येणाऱ्या संगीतानं शेवटच्या वर्षाला छोटा कंपायलर लिहिला होता. कंपायलर म्हणजे आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. साहेबांनी फ्लॉपीवर टेस्ट, म्हणजे तपासणीचे छोटे प्रोग्राम, आणल्या होत्या, सोबत त्यांची बरोबर उत्तरं. सगळ्या पास झाल्या तर संगीताला पुण्याची नोकरी.

एका टेस्टमध्ये दोनशे गुणिले दोनशे होतं. स्क्रीनवर आलं उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस!

"सर, कंपायलर बरोबर हाये," संगीता म्हणाली. "टेस्ट त्यायच्या मोठ्या मशीनवरच्या हायेत. आपल्या मशीनवर इंटिजरले जागा कमी हाये, आकडा मावत नाई."

तिचं बोलणं ऐकून साहेबांचा असिस्टंट हसला. आणि मी, नांदुऱ्यात वाढलेला, घरी हीच बोली बोलणारा, मीही हसलो. वर शुद्ध मराठीत सुनावलं, "चूक झाली तर कबूल करावी. सबबी सांगू नयेत."

साहेबांनी फाइल मिटली, चहा घेतला आणि ते निघाले.

ते गेल्यावर मी टेस्टमध्ये इंटिजरसाठी लिहिलेलं इंट खोडून लाँग लिहिलं, म्हणजे आकड्याला मोठी जागा दिली. उत्तर आलं चाळीस हजार. तसंच करून सातही पास. आमचं मशीन सोळा बिटांचं, पुण्याचं बत्तीस. आमच्या इंटिजरमध्ये बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर काही मावत नाही. गाडीचं मीटर भरलं की फिरून शून्यावर येतं, तसा हा आकडा फिरून उण्यात जातो. पुण्याच्या माणसांपुढे माझी अक्कल चरायला गेली होती.

सकाळी फोन लावला. साहेब म्हणाले, "अहो, कालच दुसऱ्या कॉलेजातला एक घेतला आम्ही."

बैल गेला अन् झोपा केला.

संगीताला लॅबमध्ये बोलावलं. मान वर होईना. "माह्यं चुकलं, संगीता. माह्या आधीच ध्यानात याले पाहिजे होतं."

"हाव सर," ती म्हणाली. "तुम्हीच तं शिकवलं होतं. फळ्यावर. दोनशे गुणिले दोनशेच घेतलं होतं तुम्ही."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

टेस्ट फेल झाली की आधी मशीन तपासावं, मग कंपायलर. मास्तरला मात्र सगळ्यांत आधी.