मी मफी म्हणालो होतो

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. मी चौतीस वर्षांचा. शाळा चौथीत सुटली, पण रत्नागिरीच्या खाडीत होडी हाकत वाढलो, म्हणून बहरीनमध्ये एका कंपनीची लाँच चालवायला मिळाली. जमिनीवर कोणी मला विचारत नसेल, लाँचवर मात्र माझा शब्द चालायचा. हे आधीच सांगून ठेवतो.

थंडीतला शुक्रवार, सुट्टीचा. मुंबईहून नुकताच आलेला मॅनेजर साहेब ऑफिसच्या माणसांना बायकापोरांसकट पक्षी दाखवायला घेऊन निघाला. मनामाच्या धक्क्यावरून दक्षिणेकडच्या एका ओसाड बेटाकडे. वाटेत डॉल्फिन दिसले, पोरं नाचली. बेटावर पाणकावळे, जमीन दिसू नये इतके, सगळे अंड्यांवर बसलेले. घरटं म्हणजे वाळूत उकरलेला खळगा, बस्स. मी लाँच लांबच धरली. आवाज करू नका म्हटलं, तर पोरंसुद्धा गप्प राहिली.

साहेबाला ते पुरेना. गळ्यात नवा कॅमेरा.

"भोंगा वाजव. बसलेल्या पाखरांचा काय फोटो घ्यायचा?"

"अंड्यांवर आहेत, साहेब. नाही वाजवणार."

त्याने माझ्या खांद्यावरून हात घालून स्वतःच दोरी खेचली.

अख्खं बेट उठलं. आभाळ काळं झालं. आणि पाखरं उठली तसे कुठून कुठून कुरव, ते दर्यावरचे पांढरे लुटारू पक्षी, खाली उतरले नि अंडी फोडून खाऊ लागले. ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. साहेब खूश. फोटो काढून झाल्यावर परत त्याचा हात दोरीकडे. मी तो असा झटकला की साहेब बाकावर जाऊन आदळला, बायकोच्या जेवणाच्या डब्यांवर.

उठला तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माफी माग. नाहीतर तुझा व्हिसा रद्द करायला लावतो."

मी इंजिनच्या आवाजावर ओरडलो, "मफी!"

तिथल्या अरबीत मफी म्हणजे नाही. पाणी मफी, रजा मफी. नकार आला की आम्हा जुन्या लोकांच्या तोंडून तोच शब्द निघायचा. साहेबाला येऊन पंधरवडा झाला नव्हता. त्याने ऐकलं माफी. शर्टावरचा भात झटकला, मोठ्या मनाने म्हणाला, ठीक आहे, परत असं करू नकोस. आणि माझा खांदा थोपटला. माझा!

मी तोंड उघडणार तेवढ्यात आमचा रायगडचा क्लार्क माझ्या पायावर पाय देऊन उभा राहिला. "भाई, गप. त्याला माफी ऐकू आली, तुझा व्हिसा वाचला. खलास." बाकीचे जुने लोक दर्याकडे तोंड करून हसू दाबत होते. त्या हसणाऱ्यांचा राग साहेबापेक्षा जास्त आला. ज्याने अंडी कुरवांना चारली त्याच्यापुढे मी वाकलो, असं उद्या बाजारभर होणार, आणि यांच्यातला एकही खरं काय ते सांगणार नाही. मी इंजिन वाढवलं आणि लाँच धक्क्याकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून ऑफिसात गेलो. साहेबाचा चहा यायचा होता. उभ्यानेच म्हटलं, "साहेब, काल मी मफी म्हणालो. मफी म्हणजे नाही. माफी मागितली नव्हती, आजही मागत नाही." त्याच्या उत्तरासाठी थांबलो नाही. लाँचची चावी माझ्या खिशात होती, ती त्याच्या टेबलावर ठेवली नाही. कामावरून काढायचं तर त्याने काढावं. मी धक्क्यावर गेलो आणि इंजिन सुरू केलं.