नाल्वाचा उजवा कान

लिंडिनाल्वा, म्हणजे आमची नाल्वा, पहिल्यांदा आमच्या घरी आली त्या दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या कुत्र्यांनी सामुदायिक राजीनामा दिला. समोरच्या घरातला पोपट जन्मभर फक्त शिव्या देत आला होता, तो प्रार्थना म्हणू लागला. कोपऱ्यावरच्या बेकरीतले पाव फुगता फुगता थांबले. नदीकाठच्या चिखलातले खेकडे पिढ्यान्‌पिढ्या तिरपे चालत आले होते, ते घाबरून सरळ चालायला लागले. आणि माझ्या खोलीतला प्लास्टरचा सेंट अँथनी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तो आजतागायत वळलेला नाही. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी ब्राझीलमध्ये रेसिफेला येऊन पाहून जावं.

झालं होतं इतकंच, की दारात एक ताडमाड, काळीभोर बाई उभी होती. अंगात पिवळा झगा, पायात पुरुषांच्या मापाच्या चपला, आणि डोक्यावर कपडे धुवायचा भलामोठा जस्ती टब. आमच्या घराची कर्ती, क्वितेरिया माय, दारातच म्हातारे पाय पसरून बसली होती. तिनं विचारलं, तू काय करतेस. बाईनं टब खाली ठेवला, पाणी ओतलं, टबाच्या बुडाला नाण्याएवढी एक पितळी चकती चिकटवली, चकतीची तार साबणाच्या डब्यांतून नेऊन आमच्या मोठ्या स्पीकरला जोडली, आणि एक मळका शर्ट काढून घासायला सुरुवात केली.

तो आवाज कसा होता हे सांगायचं म्हणजे मालगाडीला पोटशूळ उठलाय आणि ती रडत रडत देवळात शिरतेय, असं काहीसं. त्या चकतीला हवेतलं काही ऐकू येत नाही. ज्याला चिकटवाल त्याच्या अंगातली थरथर तेवढी ती ऐकते. तीच थरथर बाईनं साबणाच्या डब्यांत बसवलेल्या, स्वतःच डाग देऊन जोडलेल्या यंत्रांतून फिरवून शंभर पट करून आमच्या अंगावर सोडली होती.

आमचं घर म्हणजे अशाच लोकांचं. बापांनी मुलगे म्हणून नावं ठेवलेल्या आणि ती नावं गटारात टाकून आलेल्या काळ्यासावळ्या बाया, मुली म्हणून वाढवलेले दोन-चार पुरुष, आणि पुरुषांवर जीव टाकणारे माझ्यासारखे सुटलेल्या पोटाचे काका. जगाला आमचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून आम्ही त्याच्या कानात शिरायचं ठरवलं होतं. दर रविवारी दुपारी चार वाजता पुढच्या खोलीत खेळ व्हायचे. कुणी काचा चावायचं, कुणी तुटक्या पंख्याला गायला लावायचं. संगीत म्हणावं असं त्यात काही नसायचं, आणि तसं कुणी म्हटलं तर आमचे लोक रागवायचे. मी तारा जोडायचो आणि सगळ्यांसाठी घेवड्याचं कढण शिजवायचो. दोन्ही कामांत मला अधूनमधून झटका बसायचा.

त्या दिवशी शर्ट धुऊन झाल्यावर नाल्वानं मान तिरकी केली, उजवा कान खिडकीकडे केला आणि म्हणाली, "माय, तुमची ही खोली दुखतेय."

"कुठं गं?"

"खिडकीच्या खाली. प्रत्येक खोलीची एक दुखरी जागा असते. नेमका तो सूर दाबला की भिंती आपणहून ओरडतात."

"माझाही गुडघा दुखतो," माय म्हणाली. "त्याला तेवढा हात लावू नकोस. बाकी राहा."

अशी ती राहिली.

टबच का, असं तिला पाहुणे हमखास विचारायचे. बहुतेकांना ती म्हणायची, पियानो जिन्यावरून चढत नाही. मला मात्र एकदा कढण ढवळताना खरं उत्तर मिळालं. तिची आई लोकांचे कपडे धुऊन मेली. "जन्मभर घासलं, काका. कुणाला कधी आवाज गेला नाही. आता जाऊ दे."

तिचा डावा कान चौदाव्या वर्षीच गेला होता. जूनच्या जत्रेत शेकोट्या पेटल्या होत्या, ही बहिणीचा झगा घालून नाचायला गेली, आणि वस्तीतल्या पोरांनी गंमत म्हणून फटाका पेटवून तिच्या केसांत टाकला. ही गोष्ट ती हसत सांगायची. डाव्या बाजूनं कुणी शिव्या दिल्या की त्या फुकट जातात, म्हणून चालताना लोकांना ती मुद्दाम डावीकडे ठेवायची.

तेव्हा सगळा कारभार उजव्या कानावर. त्या कानानं ती खोलीतला दुखरा सूर असा शोधायची, जशी चांगली सुगरण झाकण न काढता मीठ ओळखते. टब स्पीकरपासून बोटभर इकडे, बोटभर तिकडे. मान वळवायची, थांबायची, आणि एकदम सगळी खोली गुंजायला लागायची. बाकीचे कलाकार आवाज करायचे. नाल्वा तो खोलीकडूनच काढून घ्यायची. तिच्यासारखं ते कुणालाच जमलं नाही. आमचा उएलिंटन महिनाभर प्रयत्न करत होता, त्याच्या हाताला फक्त नायटा आला.

मग एका पावसाळ्यात तिला उजवीकडूनही कमी येऊ लागलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. हा उद्योग थांबवला तर कान म्हातारपणापर्यंत पुरेल, नाही थांबवला तर पुढचं विचारू नका. नाल्वा घरी आली, टबासमोर बसली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मायनं पंचायत बोलावली. ठरलं ते असं: खेळ महिन्यातून एकदाच. उजव्या कानात बोळा. फक्त शेवटी, सूर शोधायच्या वेळी, तो बोळा काढायचा आणि सूर सापडला की लगेच घालायचा.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. शहरातलं सगळ्यात गोंगाटी घर, आणि आम्ही आठवडाभर मांजरासारखे चालतोय. दारांच्या बिजागऱ्यांना तेल. कढणाचा कुकर परसात. कुणाला शिंक आली तर तो अंगणात पळायचा. उएलिंटनचं घोरणं म्हणजे एक स्वतंत्र कलाप्रकार. त्याला गच्चीवर हाकललं. वाढदिवसाला फुगे आणले तर मायनं सुईनं नाही, दाभणानं नाही, गाठ सोडून एकेकातली हवा काढली. नाल्वा वैतागायची. म्हणायची, मी बाळंतीण आहे की काय. पण उजव्या बाजूला येऊन हळू बोलणारी माणसं तिला आवडायची. आयुष्यात आधी कुणी तिच्याशी हळू बोललं नव्हतं.

आता आमच्या खोलीच्या नियमाबद्दल सांगायला हवं. उएलिंटननं पूर्वी एक खेळ केला होता. तो बर्फाच्या लादीखाली उघडा पडून राहणार आणि बर्फ वितळेपर्यंत त्याच्या दातांचा आवाज आम्ही ऐकणार. तीन महिने तयारी चालली होती. अर्ध्यातच एक निवृत्त नर्सबाई प्रेक्षकांतून धावल्या, त्यांनी लादी ढकलली, त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि चमच्यानं कॉफी पाजली. तो रडला, पण थंडीनं नव्हे. तेव्हा मायनं लाल रंग घेतला आणि भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: या खोलीत कुणी कुणाला वाचवायचं नाही. ज्याला थांबायचं असेल तो स्वतः "बस" म्हणेल. तोवर बसणाऱ्यानं बसून राहायचं. आमचे प्रेक्षक या नियमाला इतके पक्के झाले, की एकदा पडद्याला खरोखर आग लागली तेव्हा निम्मे लोक टाळ्या वाजवत भाजून निघाले.

आमच्या मागच्या बाजूला नदीकडे तोंड करून एक नवा टॉवर उभा राहिला होता. तिथल्या लोकांना रविवारी दुपारी झोप लागायची, आणि ती आमच्यामुळे मोडायची. त्यांचे काळ्या गणवेशातले पहारेकरी दोनदा तंबी देऊन गेले. आम्ही काय करणार. आम्ही त्यांच्यावरच खेळ बसवला. उएलिंटननं तसलेच गणवेश शिवून घेतले, तो आणि त्याचा एक दोस्त दाणदाण बूट आपटत खोलीत शिरले, आणि त्यांनी चकत्या चिकटवलेली एक गादी लाथांनी तुडवली. गादी अशी किंचाळली की बाया ढसाढसा रडल्या. तो खेळ फार गाजला. पुन्हा करा, पुन्हा करा, अशी मागणी येऊ लागली.

पुढच्या महिन्यात नाल्वाची पाळी होती. खोली गच्च भरली होती, मी स्पीकरशेजारी बसलो होतो. नाल्वानं नवीन काही करायचं ठरवलं होतं: एक चकती टबाला आणि एक स्वतःच्या गळ्याला. घशाची थरथरही त्या यंत्रांतून फिरून यायची, तेव्हा ती कुजबुजली तरी दरड कोसळल्यासारखं वाटायचं. शब्द कुठलाच कळायचा नाही. तिनं तासभर शर्ट धुतले. मग हात पुसले, उजव्या कानातला बोळा काढून टबाच्या काठावर ठेवला आणि मान तिरकी केली.

दार उघडलं. काळ्या गणवेशातले दोघं दाणदाण बूट आपटत आत आले.

खोलीत एक सुखाचा हुंकार उठला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला कोपर मारलं. कुणी म्हणालं, उएलिंटन जाड झालाय. उएलिंटन माझ्या मागेच उभा होता. त्याला वाटलं, नाल्वानं दुसऱ्या कुणाला घेतलं आणि आपल्याला सांगितलंही नाही, म्हणून तो फुगून बसला. मला वाटलं, उएलिंटननं मला न सांगता पोरं बसवली आहेत. पहारेकऱ्यांनी टब लाथेनं उलटला. पाणी आमच्या पायांवर आलं. आम्ही पाय वर घेतले.

नाल्वा उठली आणि काहीतरी ओरडली. काय ओरडली ते तिनं नंतर सांगितलं: बस, हे खरे आहेत, बस. पण ते गळ्यावरच्या चकतीतून गेलं, साबणाच्या डब्यांतून गेलं, आणि आमच्यापर्यंत आलं ते एका प्रचंड, काळ्या, भरून आलेल्या आवाजाच्या रूपात. इतका सुंदर आवाज तिनं कधी काढला नव्हता. तिनं पुन्हा तेच म्हटलं. लोक डोळे मिटून ऐकत होते.

मग दोघांतल्या मोठ्यानं दोन्ही तळवे पसरले आणि झांज वाजवावी तसे दोन्हीकडून तिच्या कानांवर हाणले. एकदा. मग पुन्हा एकदा. ती गुडघ्यांवर बसली आणि आवाज थांबला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. पहारेकरी चक्रावले, धाकट्यानं तर सवयीनं कुणाला तरी मान लववावी तशी आम्हाला लववली. मग मोठा म्हणाला, "सगळे वेडे आहेत इथं, चल," आणि ते गेले.

टाळ्या चालूच होत्या. क्वितेरिया माय मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती नाल्वाकडे बघत होती. एवढ्या टाळ्यांतही नाल्वानं मान वर केली नव्हती. ती ओल्या फरशीवर बसून आपल्या दोन बोटांकडे बघत होती, बोटं लाल होती. माय काठी टाकून उठली. माणसांना ढकलत, पाण्यातून घसरत ती तिच्यापर्यंत पोचली, उजव्या बाजूला गुडघे टेकले आणि हाक मारली. मग मोठ्यानं हाक मारली. मग त्या घरात गेल्या वर्षभरात कुणी ओरडलं नव्हतं तितक्या मोठ्यानं. नाल्वा शेवटी वळली ती मायचा हात खांद्यावर लागला म्हणून. म्हणाली, "सूर सापडला होता, माय. एवढ्यात कुठं गेला?"

कानाचा पडदा फाटला होताच, पण त्याच्या आतलंही गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी बोलणं टाळलं आणि कागदावर एक आडवी रेघ काढून दाखवली.

तक्रार झाली, पहारेकरी कोर्टात हजर झाले. ते म्हणाले, आम्ही आवाज बंद करायला सांगितलं, बाई अंगावर आली. आमच्याकडे साक्षीदारांची कमी नव्हती. अख्खी खोली होती. आम्हीच केलेलं चित्रीकरणही होतं. त्यात एक सुरेख गर्जना ऐकू येते, मग टाळ्या. त्यांच्या वकिलानं प्रत्येकाला एकच विचारलं, तुम्हाला हे खरं वाटलं का. खोटं बोलायची तयारी बऱ्याच जणांची होती, पण चित्रीकरणात प्रत्येकाचा हसरा चेहरा दिसत होता. एकामागून एक सगळे नाही म्हणाले. मीही म्हणालो. मग मायला विचारलं, मारहाण होत असताना इतकी माणसं बसून का राहिली.

"मी नियम लिहिला होता, साहेब," ती म्हणाली. "लोकांनी पाळला."

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला. मग त्यांनी लिहून घेतलं की मारहाण ही मारहाण होती याबद्दल वाजवी शंका उरते.

माय त्याच आठवड्यात लाल अक्षरांवर चुना मारायला बसली. दोन हात दिले तरी लाल खालून दिसत राहिलं, तेव्हा तिनं तो नाद सोडला. पुढच्या खोलीत खेळ बंद झाले. कुणी ठरवून केले नाहीत. रविवारी लोक यायचे, इकडे तिकडे बघत बसायचे आणि कढण पिऊन जायचे. मग येईनासे झाले. टॉवरच्या लोकांना झोप लागायला लागली असणार.

नाल्वा वर्षअखेरीस बहिणीकडे तोरितामा गावी गेली. तिथं जीन्सचे कारखाने आहेत. ती मागचे खिसे शिवते, दिवसाला तीनशेच्या आसपास खिसे होतात.