मोटारबंदीच्या सभेत मी गप्प बसलो

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या म्युनिसिपालिटीने गावात मोटारबंदी केली, त्या सभेच्या कागदावर ‘कोणाचीही हरकत नाही’ हे मी लिहिलं. लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं की एका माणसाची हरकत आहे. तो माझ्या टेबलापासून दोन हातांवर उभा होता.

गावाचं नाव लिहीत नाही. चांदा जिल्ह्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं एक तालुक्याचं गाव. तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि मी म्युनिसिपालिटीत कारकून होतो. हेडक्लार्क त्या वर्षी रिटायर होणार होते. त्यांच्या खुर्चीवर माझा डोळा होता, हेही आता सांगून टाकतो.

अध्यक्ष पेशाने वकील. माणूस सज्जन. कुठल्याशा मोठ्या शहरात जाऊन आले आणि तिथली मोटारींची गर्दी पाहून धास्तावले. आपल्या गावाचं असं होऊ द्यायचं नाही, त्यांनी ठरवलं. बाजाराच्या रस्त्यावर मोटार आणायची नाही, रस्त्याच्या मधोमध फुलझाडांचा वाफा करायचा, दोन्ही बाजूंनी लोकांनी मोकळं चालायचं. जाहीरनाम्याचा मसुदा मी केला. ‘रस्ता पायी चालणाऱ्यांचा’ हे त्यातलं वाक्य माझं. अध्यक्षांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याचा बोर्ड रंगवून घेतला.

आमच्या गावात मोटारी होत्या तरी किती? दोन-तीन बड्या घरच्या, एका डॉक्टरांची, लाकडाच्या ठेकेदाराचे ट्रक, आणि पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावांतून दिवसाकाठी प्रवाशांची एक खेप करणारी सर्व्हिस मोटार. जे दुखणं गावाला झालंच नव्हतं, त्याचं औषध आम्ही घ्यायला निघालो होतो. बड्या घरांना, डॉक्टरांना आणि ठेकेदाराला पुढे परवाने मिळाले. ते मीच लिहिले, अक्षर चांगलं म्हणून. शेवटी बंदी उरली ती सर्व्हिस मोटारीला. म्हणजे ज्यांच्याकडे मोटार नव्हती, नेमकी त्यांना.

ठराव करण्याआधी लोकांचं ऐकायला सभा बोलावली होती. मोटारीने येणाऱ्या गावांतर्फे जे बोलायला आले, ते माझ्या आईच्या गावचे. त्यांना मी लहानपणापासून मामा म्हणत आलो होतो. मामीच्या पायात बांबूचा खुंट घुसून जखम चिघळली होती. दर आठवडी बाजाराला मामा तिला सर्व्हिस मोटारीने सरकारी दवाखान्यात आणत, पट्टी बदलायला. मोटार दवाखान्यासमोरच थांबायची. बंदी झाली तर ती नाक्यावरच थांबणार, आणि नाक्यापासून दवाखाना अर्ध्या कोसावर. सभेला जाताना मामांनी मला बाहेर गाठून हे सगळं सांगितलं होतं.

“बाबू, तू आहेस ना आतमंदी?” ते म्हणाले.

“आहो ना मामा,” मी म्हणालो.

आता आमच्या झाडीपट्टीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे चारचौघांत कोणी सरळ तक्रार मांडत नाही. जेवायला बसा म्हटलं तर भुकेला माणूसही आधी ‘भूक नाई’ म्हणतो, तक्रारीचंही तसंच. माणूस आधी म्हणतो, आमचं काही म्हणणं नाही. मग घरच्या माणसाने आग्रह करायचा, “नाई कसं, बोला ना.” त्यानंतर तो बोलतो. आग्रहावाचून बोलणारा आमच्यात उर्मट ठरतो.

अध्यक्षांनी विचारलं, “तुमची काही हरकत?”

मामा हात जोडून उभे राहिले. “आमची काई तक्रार नाई साहेब. तुमी कराल ते भल्यासाठीच कराल.”

आणि ते थांबले. माझ्याकडे पाहू लागले.

अध्यक्ष मूळचे बाहेरचे, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. त्या खोलीत घरचा माणूस मीच होतो. “बोला ना मामा,” एवढंच म्हणायचं होतं. पण अध्यक्षांसमोर गावच्या बोलीत बोलायची मला लाज वाटली. आणि त्यांच्या लाडक्या ठरावाला मी फाटे फोडले असं त्यांना वाटलं, तर खुर्ची जाईल ही भीती. मी मान खाली घालून टाक दौतीत बुडवला.

“लिहा,” अध्यक्ष म्हणाले. मी लिहिलं. मामा थोडा वेळ उभे राहिले, मग बसले.

नाक्यावर सागाची आडवी बल्ली बसली. परवान्याची मोटार आली की शिपाई ती उचलायचा. पुढच्या बाजाराला मामा मामीला पाठुंगळी घेऊन येताना दिसले. टांगेवाल्यांना त्या दिवशी मालाची पोती मिळत, जखमेचा वास येणारी बाई कोण घेणार?

नाक्यावरच्या पानठेल्यावरून कोणी ओरडलं, “काऊन बुढा, वरात कुठी चालली?”

“दवाखान्यात,” मामा म्हणाले. “नवरदेव मीच आहो. आहेर घेऊन या.”

लोक हसले, मामाही हसले. मामीने पदर पार हनुवटीपर्यंत ओढला होता. मी म्युनिसिपालिटीच्या खिडकीत उभा होतो. खाली उतरलो नाही.

असे तीन-चार बाजार गेले. मग एकदा मामा एकटेच दिसले. मीच होऊन विचारलं, मामी कुठे.

“येत नाई म्हणते. लोकं पाह्यतात, हासतात. मले म्हणे, तुमी दवाईच घेऊन या.”

दवाई नेली, पण पट्टी कोण नीट करणार? पावसाळ्याच्या अखेरीस तिला गाडीत घालून चांद्याच्या इस्पितळात न्यावं लागलं आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

मी हेडक्लार्क झालो. दोन वर्षांनी अध्यक्ष बदलले, नव्यांनी बल्ली काढून टाकली. फुलझाडांचा वाफा तोवर बकऱ्यांनी संपवला होता. आज त्या मोटारबंदीचा विषय निघाला की लोक अध्यक्षांना हसतात, आणि त्यात मीही हसलोय. पण अध्यक्षांना कोणी सांगितलंच नव्हतं. ज्याने सांगायचं त्याने सांगितलं नाही.

आईच्या गावाला मी तेव्हापासून गेलेलो नाही. आई होती तोवर कामाची सबब सांगायचो. मामा एकदा बाजारात भेटले तेव्हा उलट मलाच म्हणाले, “तुह्यावर काऊन राग राह्यन बाबू? मीच बोललो नाई ना.” ते आजही चूक स्वतःचीच समजतात. मी ती त्यांच्याकडून काढून घेतली नाही.

मामी आहे. दारात बसून असते, असं ऐकतो. तिच्यासमोर बसून, मामांच्या देखत, चूक त्यांची नव्हती, माझी होती, हे सांगणं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.