दर महिन्याचं कुलूप

कुलूपवाल्याशी माझं कधी पटलं नाही. माझं बॅगा आणि चेनी दुरुस्त करायचं दुकान, त्याचं कुलपांचं, मध्ये एक भिंत. त्याचा ग्राइंडर सुरू झाला की माझ्या टेबलावरच्या सुया नाचायला लागतात. आवाज कमी कर म्हटलं तर म्हणतो, कापूस घाला कानात. असा हा खत्रूड माणूस, आणि सगळी गल्ली त्याला दानशूर म्हणते.

त्याला कारण टेकडी. गल्लीच्या टोकाला सरकारी टेकडी आहे, म्हणजे सगळ्यांची. तिला एक लोखंडी फाटक. ते उघडं सापडलं की घरं पाडणारे ठेकेदार आत डंपर घालतात आणि विटामातीचा राडारोडा झाडांच्या बुंध्यांवर ओततात. आम्ही काही जणांनी टेकडी वाचवायला मंडळ काढलं, दरमहा वर्गणी ठरवली. मी कुरकुरत देते, पण देते. कुलूपवाल्याकडे गेलो तर म्हणाला, पैसे दिले की तुम्ही त्याचा चहा पिणार, मी दर महिन्याला एक कुलूप देईन. आमचा चहा आम्ही पदरचा पीत होतो, पण त्याला कोण सांगणार?

कुलूप महिनाभरही टिकत नसे. कटरनं तोडलेलं, गवतात पडलेलं सापडायचं. तोडणारा कोण हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कुलूपवाल्याचाच धाकटा भाऊ, ठेकेदारांचा डंपर चालवायचा. एक भाऊ लावतो आणि दुसरा तोडतो, एवढंच त्यांचं बोलणं उरलं होतं.

दोघांच्या मध्ये भरडली जात होती ती कुलूपवाल्याची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा दीर शाळेतही जात नव्हता. सासू नव्हती. हिनंच त्याला भरवलं, न्हाऊमाखू घातलं. अजूनही नवरा दुकानात असताना तो मागच्या दारानं येऊन तिच्या हातचं जेवून जायचा.

मग एकदा फाटक उघडं सापडलं, पण कुलूप तुटलेलं नव्हतं. साखळीला नीट लटकत होतं आणि किल्ली त्यातच होती. किल्लीला लाल दोरा. फाटकाच्या दोन किल्ल्या असत, एक टेकडीच्या रखवालदाराकडे आणि दुसरी कुलूपवाल्याच्या घरी. घरातल्या झाडून सगळ्या किल्ल्यांना त्याची बायको लाल दोरा बांधते, हे मलाही माहीत होतं.

रखवालदारानं किल्ली दुकानात आणून दिली. मला वाटलं, आज यांच्या घरात भांडी वाजणार. काहीच वाजलं नाही. संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली. दीर तिला म्हणाला होता, दादानं माझ्या पोटावर पाय आणलाय, एकदाच किल्ली द्या. रोजच्या तोडफोडीपेक्षा हे बरं, असं वाटून तिनं दिली. नवरा काय म्हणाला, मी विचारलं. काही नाही, ती म्हणाली. मला त्या माणसाचा आणखीच संताप आला. शिव्या परवडल्या, पण हे मुकं राहणं नको.

किल्लीची नक्कल निघाली असणार म्हणून त्यानं ते कुलूप भंगारात टाकलं. नवं मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेलाच देणार, असा हट्ट. तोवर फाटक सताड उघडं. पहिल्या तारखेला भर दुपारी त्यानं नवं कुलूप दोन्ही किल्ल्यांसकट बायकोच्या हातात ठेवलं.

"या खेपेला तू लाव."

डंपर तेव्हा आतच होता. दीर दोन मजुरांना घेऊन माल ओतत होता. ती गेली, मागोमाग आम्हीही गेलो. तिनं फाटक ओढलं, साखळी घातली, कुलूप लावलं.

दीर धावत आला. "वहिनी, गाडी आत आहे. किल्ली द्या."

"टाकलंय ते भरा परत. मग उघडते."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू मावळलं. केबिनमध्ये पिवळ्या मुठीचा कटर पडला होता, मला बाहेरून दिसत होता. मला वाटलं, आता हा कटर काढणार. त्यानं फावडं काढलं. अंधार पडेपर्यंत तिघं भरत होते. तिनं उघडलं तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही.

परत येताना मी तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्यानं आपलं भांडण तुझ्या गळ्यात बांधलं. त्याला स्वतःला लावता येत नव्हतं?

"यांनी लावलेलं तो तोडतो," ती म्हणाली. "मी लावलेलं तोडणार नाही, हे यांना माहीत होतं."

त्यानंतर कुलूप एकदाही तुटलं नाही. मंडळानं सांगितलं, आता नवं नको. तरी कुलूपवाला पहिल्या तारखेला नवं काढून बायकोच्या हातात ठेवतो आणि ती जाऊन बदलून येते. मागचं दार ती अजून दुपारी उघडं ठेवते. दीर काही येत नाही.