राखेतल्या दोन रिंगा

हे लिहू की नको, असं बरेच दिवस वाटत होतं. गोष्ट तशी लहान आहे. स्प्रिंकलरच्या पाइपात बसणाऱ्या रबरी रिंगांची. पण त्या रिंगांनी मला जे शिकवलं ते कॉलेजच्या कुठल्याच पेपरात आलं नाही, म्हणून लिहिते.

मी कारंज्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव मानोरा रस्त्यावरून थोडं आत. घरात दहावीच्या पुढे मीच गेले. त्यामुळे वर्गात काही नवीन ऐकलं की ते सांगायला मला एकच माणूस असतो, माझे बाबा. संध्याकाळी ते म्हशीची धार काढत असतात आणि मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून सांगत असते. ते मधूनमधून "हं" म्हणतात. दुसऱ्या दिवशी पारावर तेच सगळं दुसऱ्यांना सांगून येतात, थोडी भर घालून.

रबराचं वेड मला दुसऱ्या वर्षी लागलं. सरांनी दोन बाटल्यांत पेट्रोल घेतलं होतं. एका बाटलीत झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचा तुकडा टाकला, दुसरीत नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराचा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पहिला तुकडा फुगून लिबलिबीत झाला होता आणि नायट्राइल जसंच्या तसं. मला ते फार ग्रेट वाटलं. माणसाने खनिज तेलातूनच एक वस्तू काढली आणि तिला तेलाचीच भीती राहिली नाही! त्या दिवशी बसमधून येताना मी खिडकीच्या कडेची काळी पट्टी दाबून पाहिली, ड्रायव्हरच्या पायाखालची चटई पाहिली. घरी आल्यावर, आई डाळ चढवत होती तेव्हाच, तिच्या कुकरची रिंग काढून ताणली. आई म्हणाली, "डाय शिजू देतं का नाही?"

त्याच उन्हाळ्यात मी चूक केली.

आमच्याकडे चार एकर शेत, विहीर आणि स्प्रिंकलरचा एक संच आहे. पाइप एकात एक घालून शेतभर लांबवायचे, आणि प्रत्येक सांध्यात एक काळी रबरी रिंग. ती नसली तर पाणी नोझलपर्यंत पोचतच नाही, सांध्यातूनच पळतं. हरभऱ्याचं ओलीत, म्हणजे पाणी देणं, संपलं की बाबा सगळ्या रिंगा काढतात, साध्या पाण्याने धुतात, सावलीत वाळवतात आणि चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळून डब्यात भरून ठेवतात. त्यांच्या वडलांनी मोटेचं कातडं जपलं तसं हे जपतात. राखेने रिंगा एकमेकींना चिकटत नाहीत, एवढंच ते सांगतात.

मी म्हणाले, "बाबा, राख कायले लावता? हे झाडाचं रबर नोहे, कारखान्यातलं हाय. तेलानं याले काई होत नाही. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावून ठेवा. मऊ राह्यते, अन् उंदीरबी तोंड लावत नाही."

"पक्कं?"

"पक्कं. मी सोता पाह्यलं."

रिंगा नव्या होत्या, त्याच हंगामात कारंज्याहून आणलेल्या. बाबांनी राखेचा डबा बाजूला सारला आणि ऑइलचं डबडं घेतलं.

या वर्षी हरभरा चांगला आला. घाटे धरले होते आणि दाणा भरायला एक पाणी पाहिजे होतं. त्या आठवड्यात शेतावरची लाइन, म्हणजे वीज, दिवसाची होती. पुढच्या आठवड्यात ती रात्रीची होणार होती, आणि एकदा ओलितात साप पायावरून गेल्यापासून बाबा रात्रीचं ओलीत करत नाहीत. म्हणजे पाणी द्यायचं तर चार दिवसांत. नाहीतर घाटे अर्धे पोचट.

मी सुट्टी म्हणून घरी होते. बाबांनी ऑइल लावलेल्या रिंगांचं पोतं सोडलं आणि पहिली रिंग खाचेत बसवायला घेतली. बसेना. एका बाजूने दाबली की दुसरीकडून फुगा येई. दुसरी घेतली, तिसरी घेतली. एक जबरदस्तीने बसवली, तर पाइप घालताना ती पिळवटून बाहेर आली.

"डुप्लिकेट देल्ल्या त्यानं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढत नाही, पण मान लाल होते. "एका सालात हे हाल? उद्या जातो अन् त्याच्या टेबलावर ओततो."

आई म्हणाली, "भांडाले नका जाऊ, बदलवाले जा." मग तिला आठवलं म्हणून ती घरात गेली आणि राखेचा जुना डबा घेऊन आली. तळाशी दोन रिंगा होत्या. त्याच खरेदीतल्या, मागच्या वर्षी मी ऑइलचं बोलायच्या आधीच राखेत पडलेल्या आणि नजरेतून सुटलेल्या. बाबांनी त्या झटकल्या. दोन्ही खाचेत अशा बसल्या, जणू कालच दुकानातून आणल्या.

"पाह्य," बाबा म्हणाले, "दोन असली, बाकीच्या नकली. मिसळून देल्ल्या."

मी एक राखेतली आणि एक ऑइलची रिंग हातात घेतली. राखेतली आटोपशीर, दाबली की लगेच जागेवर येणारी. ऑइलची जाड, गुळगुळीत, तिच्या दुप्पट ढिली. बाटलीतला तो फुगलेला तुकडा मला आठवला, आणि या वर्षीच्या वहीतलं एक पानही. कृत्रिम रबर एक नसतं. ट्यूबमध्ये हवा धरून ठेवणारं ब्यूटाइल वेगळं, चक्कीच्या पट्ट्यात असतं ते निओप्रीन वेगळं, इंजिनच्या डिझेलच्या नळीतलं नायट्राइल वेगळं. आणि उन्हापावसात वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी ज्याला भेग पडत नाही, पाणी ज्याचं काही बिघडवत नाही, ते ईपीडीएम आणखी वेगळं. पाण्याच्या पाइपात हेच घालतात. त्याला फक्त एक गोष्ट सोसत नाही. खनिज तेल.

मी दुसऱ्या वर्षाचा एक धडा शिकले आणि तिसऱ्या वर्षाचा धडा यायच्या आधीच बाबांना "पक्कं" म्हणून बसले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बाबा म्हणाले, "तूबी चाल संग. तुले रबराचं समजते. त्याले तुह्या तोंडानं ऐकव." मी मान हलवली. सकाळी बसमध्ये ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या माणसाने विचारलं, कुठं? बाबा म्हणाले, "दुकानदाराले जाब विचाराले. पोरगी हाय ना सोबत, ते रबराचंच शिकते." तो माणूस माझ्याकडे आदराने पाहू लागला. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. कारंजा येईपर्यंत मी दहा वेळा तोंड उघडलं असेल.

दुकानदार म्हातारे होते, चष्मा कपाळावर. बाबांनी पिशवी खरंच टेबलावर ओतली.

"बसा भाऊ, आधी बसा," ते म्हणाले. "चहा घ्या. भांडनाले काय, अख्खा दिवस पडला हाय."

त्यांनी एक रिंग उचलली, ताणली आणि नाकाशी नेली. मग माझ्या हातातली राखेतली रिंग मागून घेतली, तीही हुंगली.

"भाऊ, याले ऑइल कोनं लावलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जे समजायचं ते त्यांना त्या एका प्रश्नात समजलं असावं. एवढी राख वापरून एवढी वर्षं काढलेला माणूस.

"मीच लावलं," ते म्हणाले. "अडानी मानूस. वाटलं, मऊ राह्यते."

ते असं बोलले आणि मला दुकानात उभं राहवेना. ज्यांनी पारावर माझ्यासाठी एवढी भर घालून सांगितलं, ते आता माझ्यासाठी स्वतःला अडाणी म्हणवून घेत होते.

"मी सांगतलं होतं," मी म्हणाले. आवाज फार बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले. "काका, बाबा राखच लावत होते. मी कॉलेजात शिकते. मीच म्हटलं ऑइल लावा. माल चांगलाच हाय तुमचा. ईपीडीएम हाय, तेल लागलं की फुगते."

दुकानदारांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"मंग तुले माहीत होतं तं लावाले कायले सांगतलं, बाई?"

"तवा नव्हतं माहीत. अर्धंच माहीत होतं."

ते हसले, पण टोचून नाही. "अर्ध्याचीच गिऱ्हाइकं मले जास्त येतात. कोनी पेट्रोलच्या टाकीले ट्यूबचं वाशर कापून लावते, कोनी कुकरच्या रिंगीनं मोटर बसवते." त्यांनी राखेतली रिंग बाबांना परत दिली. "हे मात्र पाह्यासारखं हाय. आमी दुकानात शंखजिऱ्याची पूड लावतो, तुमी राख लावता. काम एकच. कोनं शिकवलं?"

"कोनं नाही," बाबा म्हणाले. आता त्यांची मान दुसऱ्याच कारणाने लाल झाली होती. "तशीच सवय."

नव्या रिंगा घेऊन आम्ही दुपारच्या बसने निघालो. बाबांनी नव्या रिंगांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "बसमध्येच सांगून देतं तं मी टेबलावर ओतलं नसतं."

"भेव वाटलं."

"कायचं? माहं?"

"तुमी पारावर सांगता ना सगळं."

ते खो खो हसले. पुढचे दोघे वळून पाहू लागले. "आता हेबी सांगतो," ते म्हणाले.

आणि सांगितलं. संध्याकाळी आमचे शेजारी, ज्यांनी बाबांचं पाहून आपल्याही रिंगांना ऑइल लावलं होतं, ते पोतं घेऊन आले. मी तेल चढलेली रिंग आणि राखेतली रिंग त्यांच्यासमोर ठेवून काय झालं ते सांगितलं. या वेळी बाबांनी त्यात भर घातली नाही. शेजारी आईला म्हणाले, "वयनी, राख ठेवा थोडी आमच्यासाठी. तुमच्या घरची राख कॉलेजाहून पुढं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन आली. मोटर सुरू झाली आणि तिसऱ्या सांध्यातून पाण्याची धार फुटली. मी तिकडे धावले, तर बाबांनी हात धरला.

"थांब. दाब येऊ दे."

पाइप भरत गेला. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. रिंगेची आतली ओठासारखी कड पाण्यानेच दाबून बसवली होती. पाणी जितकं जोर करतं तितकी ती घट्ट बसते. हे मी वहीत लिहिलेलं नव्हतं. बाबांना ते माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

लांबवर पहिलं नोझल फिरलं आणि हरभऱ्यावर पाणी पडायला लागलं. बाबा विहिरीकडे जाता जाता थांबले.

"हे रिंग पाण्यानं घट्ट आवयते कसं, ते तुह्या सरले विचारून ये," ते म्हणाले. "पुरं विचारून ये."